कोकमाच्या आंबट-खाऱ्या बिअरला स्वतंत्र स्टाइल म्हणायचं का? आणि म्हणायचं तर नाव काय?

खारफुटी
मंडळी, उन्हाळा लागला की मुंबई-पुण्याच्या टॅपरूममध्ये फळ्यावर एक गुलाबी बिअर हमखास दिसायला लागली आहे. कुणी तिला कोकम गोझे म्हणतं, कुणी कोकम सावर (सावर म्हणजे आंबट बिअर), कुणी नुसतं 'फ्रूट बिअर' लिहून मोकळं होतं. बिरा या बिअर कंपनीनं २०२१ मध्ये कोकम सावर याच नावानं एक बिअर बाजारातही आणली होती. मी एका मायक्रोब्रूअरीत काम करते (नाव लिहीत नाही, जाहिरात नको), त्यामुळे पितेही आणि बनवतेही.

माझं मत असं की ही आता जर्मन गोझेची नक्कल राहिलेली नाही. गोझे म्हणजे गहू, मीठ, धने आणि लॅक्टिक आंबटपणा. त्यात कोकम पडलं आणि सगळा तोलच बदलला. आंबटपणा दोन वाटांनी येतो, एक जिवाणूंचा आणि एक फळाचा. मीठ बरेचदा आगळातूनच, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसातूनच येतं. धने कित्येकांनी सोडून दिले. आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांवर जो तुरटपणा रेंगाळतो, तो लाइपझिगच्या गोझेत नसतो. एकमेकांना न विचारता बनवलेल्या बिअर एकाच दिशेनं चालल्या आहेत. याला स्टाइल नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

असेल तर नाव काय द्यावं? 'गोझे'ला चिकटून राहिलो तर आपली बिअर कायम दुसऱ्याच्या घरची पाहुणी राहील, असं मला मनापासून वाटतं.

ठाणेकर_मध्या
पहिला! आता वाचतो.

पाटीलवाडा
असहमत. आमरसाबरोबर खाल्ली म्हणून पोळीची जात बदलत नाही. कोकम हा घटक आहे, स्टाइल नाही. उद्या कुणी करवंद घालेल, परवा जांभूळ. प्रत्येकाला स्वतंत्र स्टाइल देत बसलो तर फळबाजाराची यादी होईल. फ्रूटेड गोझे हा प्रकार जगभर आहे, त्यात कोकम सहज बसतं. मुंबईत बनली म्हणून वेगळी मानायची हे मला पटत नाही.

निवांत_नाखवा
पाटीलसाहेब, करवंदाची निघाली तर मला पहिल्या दिवशी फोन करा, मग भांडू.

माल्टेश्वर
पाटीलवाडा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण उत्तर इतकं सरळ नाही. थोडा इतिहास लिहितो, लांबण लागेल.

बिअरची 'स्टाइल' ही कल्पना आज आपण ज्या अर्थानं वापरतो ती फार जुनी नाही. ब्रिटिश लेखक मायकेल जॅक्सन यांनी १९७७ च्या पुस्तकात जगभरच्या बिअरची अशी वर्गवारी मांडली आणि तिथून ती रुजली. १९८५ मध्ये अमेरिकेत बीजेसीपी, म्हणजे बिअर परीक्षकांची संस्था सुरू झाली. स्पर्धेत कुठली बाटली कुठल्या गटात तपासायची हे ठरवायला त्यांनी नियमावली केली. म्हणजे यादी मुळात परीक्षकांच्या सोयीसाठी आहे. यादीत नाव नाही म्हणून बिअर अस्तित्वात नाही असं होत नाही.

आता फळाबद्दल. दक्षिण ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातल्या ब्रूअरनी गव्हाची हलकी आंबट बिअर घेऊन त्यात ताजी उष्ण कटिबंधातली फळं घातली. पाटीलवाडा यांच्या हिशेबानं ती बर्लिनर वाइसं (बर्लिनची हलकी आंबट गव्हाची बिअर) अधिक फळ, विषय संपला. पण तिथल्या लोकांनी एकत्र बसून तिची चौकट ठरवली: बर्लिनर वाइसंपेक्षा जास्त अल्कोहोल, ताजं फळ ठळक, आंबटपणा स्वच्छ. नाव ठेवलं काथारिना सावर. २०१८ मध्ये बीजेसीपीनं तिला तात्पुरती मान्यता दिली आणि २०२१ च्या नियमावलीत ती स्थानिक स्टाइल्सच्या परिशिष्टात आली. त्याच परिशिष्टात अर्जेंटिनाच्या दोन, इटलीची द्राक्षांची एल (एल हा बिअरचा एक मोठा प्रकार) आणि न्यूझीलंड पिल्सनर (पिल्सनर म्हणजे फिकी सोनेरी बिअर) आहेत. द्राक्षं घातल्यावर स्टाइल होते, तर कोकमाला दार बंद का?

पाटीलवाडा
@माल्टेश्वर, माहितीबद्दल धन्यवाद, काथारिनाची गोष्ट ठाऊक नव्हती. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं जातं. काथारिनात कुठलंही फळ चालतं, म्हणजे स्टाइल चौकटीची आहे, फळाची नाही. आपल्या कोकमवाल्या बिअरची चौकट कुणी लिहिली आहे? मी एका ठिकाणी प्यायलो ती सरबतासारखी गोड होती. दुसऱ्या ठिकाणी इतकी खारट की सोबत पाणी मागवावं लागलं. नाव सारखं, बिअर दोन. आधी ओळख पटू दे, मग बारसं.

खारफुटी
हे मात्र खरं आहे. म्हणूनच धागा काढला.

टॅपवाला
मी अंधेरीत काउंटरच्या आत उभा असतो, तिथून काय दिसतं ते सांगतो. फळ्यावर आम्ही काहीही लिहिलं तरी लोक "ते गुलाबी आहे का?" असंच विचारतात. चाखायला छोट्या ग्लासात देतो. पहिल्या घोटाला डोळे बारीक होतात, मग जीभ टाळ्याला लावून एकदा आवाज येतो, आणि मराठी माणूस असेल तर पुढचा शब्द ठरलेला: "अरे, आगळ!" त्याला गोझे काय ते माहीत नसतं आणि गरजही नसते. दिल्लीकडचा पाहुणा मात्र त्याच ग्लासाला "चटपटा" म्हणतो आणि डाळिंब आहे का विचारतो. म्हणजे आपल्या गिऱ्हाइकानं तिला ओळखलं आहेच. नाव आपल्याला सुचत नाहीये.

सुलभा_दादर
मी बिअर फारशी घेत नाही, लेकानं एकदा चाखवली होती. पण आमचं घर कुडाळकडचं, तेव्हा कोकमाबद्दल बोलायचा हक्क बजावते.

तुम्ही सगळे 'कोकम' म्हणताय, पण कुठलं? झाडावरून काढलेला तो रातांबा. तो फोडून साली वेगळ्या केल्या, रसात बुडवून उन्हात वाळवल्या, पुन्हा बुडवल्या, पुन्हा वाळवल्या, अशी पुटं दिली की आमसूल. सालींना मीठ लावून सुटलेला रस म्हणजे आगळ, त्यात मीठ भरपूर. आणि साखरेत मुरवलं तर अमृत कोकम. तिघांची चव तीन तऱ्हांची. आमसुलाला उन्हाचा खमंगपणा असतो, तो आगळाला नाही. पाटलांना गोड लागली ती बहुतेक अमृत कोकमाची असणार, आणि खारट लागली ती आगळाची. आधी कोणतं घालायचं ते ठरवा.

माल्टेश्वर
सुलभाताई, दंडवत! या एका प्रतिसादानं धाग्याचा अर्धा प्रश्न सुटला. साखरेतलं कोकम घातलं तर यीस्ट ती साखर खाऊन टाकतं. बिअर तरीही गोड लागली तर कोकम आंबवून झाल्यावर, वाढायच्या आधी घातलेलं असतं. ते बिअर आणि सरबताचं मिश्रण, स्टाइलमध्ये ते नको असं माझं स्पष्ट मत.

खारफुटी
ताई, फारच छान लिहिलंत. आमच्याकडे आगळ आणि आमसूल दोन्ही वापरून झालं आहे. थोडं आतलं सांगते.

आधी वोर्ट, म्हणजे धान्यातून काढलेला गोड रस, उकळून गार करतो आणि त्यात लॅक्टोबॅसिलस हे आंबट करणारे जिवाणू सोडतो. एक-दोन दिवसांत पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेतीनच्या आसपास आला की पुन्हा उकळतो, म्हणजे जिवाणू मरतात आणि बाकीच्या टाक्यांना धोका राहत नाही. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आधी घालत नाही, कारण हॉप्समुळे लॅक्टो दबतं. मग यीस्ट. कोकम त्यानंतर, आंबवणं ओसरत आलं की. आगळ आधीच ओतलं तर मिठानं यीस्ट सुस्तावतं.

रंगाचंही सांगते. कोकमाचा रंग अँथोसायनिनचा, तो आंबट द्रावात लाल राहतो. पण उजेड आणि उष्णता त्याला सोसत नाही. ताज्या केगमधली (बिअरच्या पिंपातली) बिअर लालचुटूक असते आणि तीच जुनी झाली की विटकरी पडते. म्हणून ग्लास उजेडासमोर धरला की बिअर किती ताजी आहे ते बघूनच कळतं. आणि रातांबा अख्खा घालणार असाल तर बिया आधी काढा. त्यांत भिरंडेल असतं, बिया ठेचल्या गेल्या तर ती चरबी बिअरमध्ये उतरते आणि फेस धरतच नाही.

ठाणेकर_मध्या
म्हणजे सोलकढी बिअर बाद? नारळाचं दूध घालायचं माझं स्वप्न होतं :(

खारफुटी
फेसाच्या दृष्टीनं बाद, मध्या. चरबीच ती.

निवांत_नाखवा
मध्याचं स्वप्न ताटात वाढा, ग्लासात नको. बांगडा तळलेला असेल तर मी हजर.

इतिहासवेडा
थोडं अवांतर, पण नावाच्या प्रश्नाशी जोडलेलं.

ज्या स्टाइलच्या नावात आपला देश आहे ती आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. नाव आपण ठेवलं नाही. लंडनच्या बो भागात जॉर्ज हॉजसनची ब्रूअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ. जहाजांचे कप्तान त्याच्याकडून माल उचलत, तो लांब मुदतीची उधारी देई, आणि बिअर मुंबई, कलकत्ता, मद्रासला पोचे. भारताच्या प्रवासासाठी मुद्दाम नवी बिअर शोधून काढली ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण बिअरचा इतिहास धुंडाळणाऱ्या मार्टिन कॉर्नेल यांनी ती खोडून काढली आहे. जास्त हॉप्सची फिकी एल आधीपासून होती. प्रवासात ती छान मुरायची, इतकंच. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसपनं त्या धंद्यात उडी घेतली. 'इंडिया पेल एल' हे नाव रुळलं ते बिअर इथं वर्षानुवर्षं विकली गेल्यानंतर. आणि इथल्या गोऱ्या शिपायांची रोजची बिअर मुख्यतः पोर्टर ही गडद बिअर होती, ती वेगळीच.

मुद्दा असा की बिअर आधी आली, नाव मागाहून. तेव्हा नावाची घाई नको, पण या वेळी ते लंडनमध्ये ठरू नये एवढी इच्छा आहे.

पाटीलवाडा
@इतिहासवेडा +१. शेवटच्या वाक्याला विशेष.

नाचणी_नाईक
मला वेगळंच म्हणायचं आहे. बिअरचा कणा धान्य असतं. आपण बहुतेक माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स बाहेरून आणायचे, यीस्ट बाहेरचं, आणि वरून कोकम घालून 'आपली स्टाइल' म्हणायचं? नाचणीला मोड आणता येतात, ज्वारीला येतात. सिक्कीममध्ये कोदोची, म्हणजे नाचणीचीच, छांग ही बिअर आहे, आफ्रिकेत ज्वारीची बिअर आहे. महाराष्ट्राची स्टाइल व्हायची असेल तर ती धान्यातून व्हावी. मी घरी नाचणीचं सत्त्व करतो, त्या मोडांचा गोडवा ज्यानं चाखला आहे त्याला माझं म्हणणं कळेल.

माल्टेश्वर
भावना पोचली नाईक, पण पिल्सनर बघा. १८४२ मध्ये चेक भूमीतल्या प्लझेनमध्ये बव्हेरियातून बोलावलेल्या योसेफ ग्रोलनं ती बनवली. कसब बव्हेरियाचं, फिका माल्ट भाजायची पद्धत इंग्लंडकडून शिकलेली; हॉप्स आणि मऊ पाणी तिथलं. सगळं स्थानिक नव्हतं, तरी ती प्लझेनचीच झाली. तुमच्या नाचणीचा वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. नाचणीला गव्हासारखा फेस आणि अंग येत नाही, तिथं खूप काम करावं लागेल.

नाचणी_नाईक
काढतो. पण या चौकटीत 'थोडी नाचणी किंवा ज्वारी चालेल' एवढं तरी लिहा.

वकीलबाई
नावावर येते, कारण इथं नंतर त्रास होतो.

सॅन फ्रान्सिस्कोत 'स्टीम बिअर' हा जुना प्रकार होता. अँकर ब्रूअरीनं त्या नावाचा ट्रेडमार्क घेतला. परिणाम असा की तीच बिअर दुसऱ्यानं बनवली तर ते नाव लावता येईना, आणि बीजेसीपीलाही 'कॅलिफोर्निया कॉमन' असं दुसरं नाव घ्यावं लागलं. लोकांच्या तोंडचं नाव एका कंपनीचं झालं की स्टाइल अडून बसते. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात निव्वळ वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही, तेव्हा नाव साधं, वर्णनाचं असणंच सगळ्यांच्या फायद्याचं.

दुसरं टोक जर्मनीतल्या कोल्नचं. तिथल्या ब्रूअरनी १९८६ मध्ये करार केला की क्योल्श ही त्यांच्या शहराची बिअर कोण बनवू शकतं, ती कशी असावी, कोणत्या उभट ग्लासात वाढावी. पुढे युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही मिळालं. तिथं अनेक ब्रूअरी एकत्र आल्या, म्हणून ते जमलं. आपल्याकडे फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मिळालेलं आहे. पण म्हणूनच जपून. लेबलवर मानांकनाचं नाव लावायचं तर कोकम तिथलंच आणि नोंदणी असलेलं लागतं. आणि 'कोकण' नावात घातलंत तर बंगळूरच्या ब्रूअरनं बनवल्यावर काय म्हणणार?

टॅपवाला
बंगळूरवाल्यानं बनवली तर मला आनंदच होईल ताई. दुसऱ्या गावानं उचलल्याशिवाय स्टाइल कशी होणार?

वकीलबाई
अगदी बरोबर. म्हणूनच गावाचं नाव नको म्हणते आहे.

इतिहासवेडा
आणि नावात आपसांत विसंगती नको. काळ्या आयपीएचं बघा. पेल म्हणजे फिकी, ती काळी कशी, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद चालला. वायव्य किनाऱ्यावरचे लोक तिला कॅस्केडियन डार्क एल म्हणायचे, तर व्हरमाँटवाले सांगायचे की आमच्याकडे नव्वदच्या दशकातच बनत होती. शेवटी नियमावलीत ब्लॅक आयपीए टिकलं, कारण पिणारे तेच म्हणत होते.

माल्टेश्वर
टिकण्याबद्दल एक सावधगिरी. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रूट आयपीए निघाली, विकर (एन्झाइम) वापरून साखर पार संपवलेली, शॅम्पेनसारखी कोरडी. वर्षभरात सगळीकडे पसरली, नियमावलीतही गेली, आणि लगेच टॅपवरून दिसेनाशी झाली. याउलट व्हरमाँटची गढूळ, रसाळ आयपीए दशकाहून जास्त काळ लोक पीत होते आणि मान्यता २०१८ मध्ये आली. कोकमवाली दुसऱ्या प्रकारची आहे असं मला वाटतं. तिची मागणी मुंबईच्या घामातून आलेली आहे. मे महिन्यात लोकलमधून उतरलेल्या माणसाला मीठ आणि आंबट हवंच असतं.

ठाणेकर_मध्या
मे महिन्यात लोकलमधून उतरलेला माणूस म्हणजे मी. सहमत.

अॅडमिन
चर्चा छान चालली आहे. एकच सूचना: घरी बिअर बनवण्याच्या कृती इथं देऊ नयेत, परवान्याशिवाय आपल्या राज्यात ते बेकायदा आहे.

खारफुटी
सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. पाटीलवाडा म्हणाले की आधी ओळख पटू दे, तर ओळखीचा मसुदा मांडते. खोडा, भर घाला.

दिसायला फिकी गुलाबी ते लाल, किंचित धूसर चालेल, फेस गुलाबी छटेचा आणि लवकर बसणारा. वासात कोकम आधी, त्यामागे गव्हाचा पावासारखा वास. हॉप्स जवळपास नाहीत. चवीला आंबटपणा स्वच्छ आणि ठाम, दह्याकडे झुकणारा चालेल, व्हिनेगरसारखा अजिबात नाही. मीठ जाणवावं पण पाणी मागवायला लागू नये. शेवट कोरडा आणि तुरट. हा तुरटपणा हीच तिची खूण, तो नसेल तर ती ही बिअर नाही. कोकम आगळ किंवा आमसुलाच्या रूपात, साखरेतलं नाही. धने-जिरं ऐच्छिक आणि मागे. निम्मा गहू, उरलेलं सातू. थोडी नाचणी किंवा ज्वारी चालेल (नाईक, लिहिलं). कडवटपणा दहा आयबीयूच्या (कडवटपणा मोजायच्या एककाच्या) आत. अल्कोहोल ४ ते ५ टक्के, वर जाऊ नये. पाचच्या वर गेली की आपल्याकडे ती स्ट्राँगमध्ये धरली जाते, आणि उन्हाळ्यात दोन ग्लास घ्यायच्या बिअरला ते शोभतही नाही.

नावाला माझं मत: आगळ एल. गावाचं नाव नाही, कुणाच्या मालकीचं होण्यासारखं नाही, आणि टॅपवाल्याचं गिऱ्हाईक ते आधीच उच्चारतं आहे.

पाटीलवाडा
मसुदा चांगला उतरला आहे. तुरटपणाची अट वाचून माझा विरोध बराच मावळला, कारण तिच्यामुळे ती फ्रूटेड गोझेपासून खरोखर वेगळी होते. पण आमसुलाची बनवली तर 'आगळ' कसं म्हणणार? मी कोकम सावरच्या बाजूनं. फळ्यावर वाचून कुणालाही कळेल.

आणि माझी एक अट. झाकून चाखायची. तीन-चार ब्रूअरींच्या कोकमवाल्या, एक साधी गोझे, एक बेरीची आंबट बिअर. ग्लास काळे किंवा झाकलेले, रंग दिसता कामा नये. नाव न सांगता लोकांनी कोकमवाल्या एका बाजूला काढल्या तर मी जाहीरपणे मान्य करेन की स्टाइल आहे.

माल्टेश्वर
उत्तम! परीक्षकांच्या पद्धतीनं आधी आपापली गुणपत्रिका भरायची, मग बोलायचं. एकानं मोठ्यानं "आगळ" म्हटलं की बाकीच्यांना तेच लागायला लागतं.

टॅपवाला
मालकांना विचारलं, जागा देतो म्हणाले. शनिवार-रविवार नको, पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी साडेसहाला या. एकवीस पूर्ण असलेल्यांनीच, आणि गाड्या आणू नका, स्टेशन चालत अंतरावर आहे. केग ताजे असतील ते बघतो, विटकरी झालेली एकही ठेवणार नाही.

सुलभा_दादर
मी प्यायला नाही, पण येते. येताना आगळाचं पाणी, भिजवलेल्या आमसुलाचं पाणी आणि अमृत कोकम तीन बाटल्यांत आणते, सगळं घरचं. आधी ते घोटभर चाखा, म्हणजे पुढच्या ग्लासात काय शोधायचं ते जिभेला माहीत असेल. आणि नावाचं भांडण त्यानंतर करा, मला ऐकायचं आहे.

निवांत_नाखवा
मंगळवार चालतोय. बांगड्याचं बघतो.